सील केलेली गाडी ऐत उझरूला परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक आरोग्य संचालक,
प्रादेशिक आरोग्य संचालनालय (पर्वतीय विभाग),
मुख्य प्रशासकीय इमारत, पहिला मजला.

अर्जदार: तुदा अम्झील, सुईण-परिचारिका, प्राथमिक आरोग्य ठाणे, ऐत उझरू (सेवा अकरा वर्षे).

विषय: ऐत उझरू ठाण्याची रुग्णवाहिका त्याच दिवशी परत पाठवणेबाबत, तसेच शेगडी, सहा खाटा व सरपणाचा कोटा हलवण्याच्या आदेशास स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपला आदेश क्र. मूळ/२१७, दि. २ नोव्हेंबर २०२१.
२) 'आरोग्याची मुळे' कुटुंब सर्वेक्षण, ऐत उझरू, मार्च २०२१.
३) मी आपल्या कार्यालयास केलेले चार दूरध्वनी, ज्यांची नोंद आपल्याकडे नाही असे मला चौथ्या दूरध्वनीवर सांगण्यात आले.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, उद्या गुरुवार दि. २५ रोजी सकाळी आमच्या ठाण्याची एकमेव रुग्णवाहिका आपल्या आदेशानुसार खाली आगारात जमा होण्यासाठी निघणार आहे. हा अर्ज त्याच गाडीतून येत आहे. गाडी नेऊ नका असे सांगणारा अर्ज त्याच गाडीच्या हाती द्यावा लागतो, हे विचित्र दिसते याची मला जाणीव आहे. परंतु खिंडीपलीकडे टपाल नेणारे दुसरे वाहन सध्या नाही, आणि दूरध्वनीवर प्रत्येक वेळी 'लेखी द्या, शिक्का मारून द्या' असेच उत्तर मिळाले. तेव्हा गाडी खाली येणारच हे धरून, ती त्याच दिवशी परत वर पाठवावी, एवढी माझी मुख्य विनंती आहे. पुढील मजकूर त्या विनंतीची कारणे म्हणून वाचावा.

२. तातडीची बाब आधी सांगते. इत्तो औहद्दू, वय चोवीस, राहणार वरची वाडी, हिला नववा महिना लागून दहा दिवस झाले आहेत. ठाण्याला लागून जे प्रसूती प्रतीक्षागृह आहे, ज्याला इथे सगळे 'आईचं घर' म्हणतात, तिथे ती सोमवारपासून मुक्कामास आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या पहिल्या बाळंतपणात तिचा रक्तदाब चढून तिला झटके आले होते. गाडी तेव्हा नव्हती. खेचरावर बसवून तिला खाली नेत असता खिंडीच्या अलीकडेच बाळ गेले. ती स्वतः वाचली, त्याचे श्रेय मला किंवा आपल्या खात्याला घेता येणार नाही.

आज दुपारी तिचा रक्तदाब १४०/९० आहे आणि पाय सुजले आहेत. हा आकडा वाढला तर तिला रुग्णालयात न्यावेच लागेल, आणि रुग्णालय चौऱ्याहत्तर किलोमीटर, म्हणजे चार तासांवर आहे. शुक्रवारी बर्फ पडण्याचा अंदाज आहे. खिंड एकदा मिटली की पंधरवडा उघडत नाही. गावात एकच ट्रक आहे, तो जैतुणाच्या तोडणीसाठी पुरुषांना घेऊन खाली सपाटीवर गेला आहे आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत येणार नाही. इत्तोचा नवरा हद्दूही त्याच ट्रकमधून गेला आहे. राहता राहिली रुग्णवाहिका. ती ठाण्याच्या अंगणात उभी आहे, टाकीत इंधन आहे, परंतु आतले साहित्य हलवण्यापूर्वी कमी होऊ नये म्हणून दि. १९ रोजी आपल्या निरीक्षकांनी तिच्या मागच्या दाराला कागदी सील लावले. चालकाचे दार उघडते, रुग्णाचे उघडत नाही.

सोमवारी मी सील काढण्याची परवानगी मागितली. गाडी हस्तांतरणाधीन असल्याने तिच्यातून रुग्ण नेता येणार नाही, असे कळवण्यात आले. मग रुग्ण कशातून न्यायचा, असे विचारले असता पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या खोऱ्याला कसलीच गरज नाही असं इथे दिसतंय." त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या समोरच्या पडद्यावर तसे दिसत होते, आणि ते तिथे माझ्याच सहीने पोचले होते. हे कसे घडले ते आता सांगते.

३. 'आरोग्याची मुळे' ही योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. माणूस दवाखान्यात येतो त्याच्या कितीतरी आधी घरात आजारी पडलेला असतो. सरपण संपलेले असते, पाणी लांब असते, ताटात काही नसते, औषधाची चिठ्ठी वाचता येत नसते. आम्हा डोंगरातल्या बायकांना हे शिकवावे लागत नाही, पण ते सरकारी कागदावर छापून आले तेव्हा मी तो कागद दोनदा वाचला होता. प्रत्येक कुटुंबाला पंधरा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण साठ. गुण जास्त तिथे गरज जास्त, आणि गरज जास्त तिथे गाडी, शेगडी, सरपण व पीठ आधी. यात नाव ठेवायला जागा नाही.

शहरात दोन दिवस प्रशिक्षण झाले. त्यातील नियम चौथा असा होता की, उत्तर जसे दिले तसेच नोंदवावे, कर्मचाऱ्याने त्यात स्वतःचे मत मिसळू नये. मी उभी राहून विचारले की, आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कोणी 'आमच्याकडे नाही' असे सांगत नाही, तेव्हा काय लिहायचे? प्रशिक्षक म्हणाले, "फार छान मुद्दा आहे, चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी ते शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही याविषयी बोलले.

४. मार्च महिन्यात मी त्रेसष्ट घरे फिरले. मार्च म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याचा तळ. धान्याची कोठारे रिकामी झालेली असतात आणि नवे काही उगवलेले नसते. मी विचारायचे, घरात पुरेसे अन्न आहे का? उत्तर यायचे, अल्हमदुलिल्लाह, भरपूर. थंडीत घर गरम राहते का? अल्हमदुलिल्लाह, राहते. दवाखान्यात यायला अडचण पडते का? छे, अडचण कसली, तुम्ही बसा, चहा घ्या. आमच्या लोकांत पाहुण्यासमोर घरची उणीव काढणे म्हणजे त्याच्यापुढे हात पसरणे समजतात, आणि वहीपेन घेऊन दारात आलेली बाई, मग ती रोज झऱ्यावर भेटणारी का असेना, त्या घटकेपुरती पाहुणीच असते. हम्मू नावाचे वृद्ध गृहस्थ छपराचा अर्धा भाग कोसळलेल्या खोलीत बसले होते. घराची स्थिती कशी आहे, या प्रश्नावर त्यांनी वर आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, "उजेड चांगला येतो." मी 'समाधानकारक' असे लिहून शून्य गुण दिले.

माझी स्वतःची आई याच गावात राहते. तिच्याकडे त्या आठवड्यात चुलीत घालायला काटक्यासुद्धा नव्हत्या, हे मला ठाऊक होते, कारण आदल्या दिवशी मीच तिला घोंगडी नेऊन दिली होती. तिनेही मला ताठ बसून सांगितले, "काही कमी नाही, लाल्ला, लिहून घ्या." मला जन्म देणाऱ्या बाईने मला अहो-जाहो करून, बाईसाहेब म्हणून उत्तर दिले. मी तिथेही शून्य लिहिले. नियम चौथा. महोदय, या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहिते.

आमच्या खोऱ्याची सरासरी साठपैकी एक पूर्णांक चार आली. आपले कार्यालय ज्या वस्तीत आहे तिची सरासरी अकरा असल्याचे अहवालात वाचले. म्हणजे आपल्या खिडकीसमोरच्या बंगल्यांतील लोक आमच्यापेक्षा आठपट हालअपेष्टांत राहतात. याचा कोणालाही संशय आला नाही असे मात्र मी म्हणणार नाही. संशय आला होता, आणि म्हणूनच सप्टेंबरमध्ये पडताळणी पथक आले.

५. पथकप्रमुख श्री. नौफल सेरघिनी हे सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी चिठ्ठ्या टाकून पाच घरे निवडली. साहेब लोक येणार हे कळताच गावात जे झाले ते आपल्या अहवालात नाही, म्हणून इथे नमूद करते.

गावात मध एकाच घरी होता, निळ्या मातीच्या भांड्यात. पहिल्या घरी पथकापुढे चहा, जवाची भाकरी, लोणी, अक्रोड आणि मध ठेवण्यात आला. पथक बाहेर पडून बूट घालेपर्यंत तेच भांडे दुसऱ्या घरी पोचलेले होते. आमच्या घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत. साहेबांना गल्लीतून वळसे घेत जावे लागते, मधाचे भांडे सरळ वरून जाते. मशिदीतला लाल गालिचाही त्याच वाटेने गेला. पाची घरी पथकाने निळ्या भांड्यातला मध खाल्ला आणि पाची घरी लाल गालिच्यावर बसले. पाचव्या घरी मध तळाला गेला होता, तेव्हा घरमालकीण यम्ना, जी इत्तोची सासू आहे, म्हणाली, "आम्ही गोड कमीच खातो, साहेब. तब्येतीला बरं असतं." यावर श्री. सेरघिनी यांनी 'आहाराविषयी जागरूकता उल्लेखनीय' असा शेरा मारला. मी दारात उभी होते. मला त्यावेळी बोलता आले असते. पण यम्नाने माझ्याकडे असे पाहिले, की मी तिथे तोंड उघडले असते तर या गावात मला पुन्हा कोणी बाळंतपणाला बोलावले नसते.

पथक गेल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गावाची अब्रू राहिली होती. त्या अब्रूची किंमत म्हणून गाडी जाईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

६. ऑक्टोबरमध्ये 'आदर्श जीवनमान ग्राम' असे प्रमाणपत्र चौकटीसह आले. ते लावायला खिळा नव्हता, म्हणून औषधांच्या फळीचा एक खिळा काढला. फळी तेव्हापासून एका बाजूला कलली आहे. त्यानंतर दहा-बारा दिवसांत संदर्भीय आदेश आला, की गरज नसलेल्या ठिकाणची साधने गरजेच्या ठिकाणी हलवण्यात येत आहेत. आदेशातले तत्त्व अगदी बरोबर आहे. आमच्याहून खालच्या गावाला गाडी मिळू नये असे मी म्हणत नाही. तिथल्या बायकाही बाळंत होतातच. फक्त ज्या कागदावरून हे ठरले तो कागद खोटा आहे, आणि तो खोटा कोणी केलेला नाही, हीच मोठी अडचण आहे. प्रत्येकाने आपापले कर्तव्य केले. लोकांनी पाहुणचार केला, मी नियम पाळला, पथकाने मध खाल्ला.

७. आदेश आल्यावर मी गावच्या बायकांना आईच्या घरात बोलावले आणि गाडी जाणार असे सांगितले. आधी कोणाला खरे वाटेना. मग रक्या नावाची विधवा बाई, जिची जीभ या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे, म्हणाली, "अगं, पण आम्ही तर तक्रारसुद्धा केली नाही! मग का नेतात?" त्यावर मी सांगितले, की तक्रार केली नाही म्हणूनच नेतात.

मी पुन्हा प्रश्नावली काढली. पुन्हा तेच. एवढे समजावूनही यम्ना म्हणाली, "माझ्याकडे सगळं आहे गं, अल्लाची कृपा. त्या रक्याला विचार की! मागच्या थंडीत तिनं दाराची चौकट जाळली. आता गोणपाट टांगलंय आणि वर तोंड करून सांगते, हवा खेळती राहते म्हणून."

रक्या हे ऐकून गप्प बसणारी नव्हे. ती म्हणाली, "माझं गोणपाट दिसतं तुला? आणि तू चहात साखर का घालत नाहीस ते सांगू? म्हणे दात दुखतात. दात आहेत कुठे तुला? साखर नाही घरात, ते सांग ना!"

महोदय, त्या घटकेला मला माझी चूक कळली. आमच्याकडे स्वतःची उणीव कोणी सांगत नाही, पण शेजारणीची प्रत्येकीला तोंडपाठ असते, आणि ती सांगायला कोणाला लाजही वाटत नाही. उलट ते एक प्रकारचे प्रेमच आहे, जरी ऐकताना तसे वाटत नाही. मी तिथल्या तिथे प्रश्नावलीतला 'आपल्या' हा शब्द खोडून 'शेजारच्या' असा लिहिला. हा बदल नियमबाह्य आहे. त्यानंतर चार दिवस मला प्रश्न विचारावेच लागले नाहीत, फक्त लिहून घ्यावे लागले.

हम्मूंविषयी त्यांच्या शेजाऱ्याने सांगितले, "त्याला चिठ्ठी वाचता येत नाही. गोळ्या रंगावरून घेतो. पांढरी सकाळी, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. आता तिन्ही पांढऱ्याच निघाल्या, तर तिन्ही सकाळीच गिळतो आणि दिवसभर भिंतीला धरून चालतो." मी हम्मूंना दोन वर्षे चक्कर थांबण्याचे औषध देत होते. माझ्या आईविषयी तिच्या शेजारणीने जे सांगितले ते जोडपत्रात आहे, इथे लिहवत नाही.

त्रेसष्ट कुटुंबांची नवी सरासरी साठपैकी सत्तेचाळीस आहे. शेजारणी थोडे वाढवून सांगतात हे मी जाणते, म्हणून प्रत्येक घराविषयी दोन वेगवेगळ्या शेजारणींना विचारले आणि कमी असलेला आकडा धरला.

८. इत्तोविषयी मला तिच्या सासूने काही सांगितले नाही. रक्याने सांगितले, तेही सगळ्यांदेखत, यम्ना समोर बसलेली असताना. "तुमच्या इत्तोला ताट वाढलं की बरोबर पाणी आठवतं. भाकरी आली की ही उठते आणि डबा घेऊन झऱ्यावर जाते. म्हणते, तुम्ही जेवा, मी येते. येईपर्यंत काय उरतं? काही नाही. आणि आठव्या महिन्यात वीस लिटरचा डबा चढावरून! मी रोज गच्चीवरून बघते."

यम्ना यावर भांडेल असे मला वाटले होते. ती भांडली नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं तिला माझ्याबरोबर बसायला आवडत नाही." मग ती रडू लागली. चार माणसांच्या घरात दोघांपुरती भाकरी होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्यासाठी उठत होता, आणि कोणी कोणाला सांगत नव्हते. सोमवारी यम्नानेच इत्तोला माझ्याकडे आणून सोडले. आता गावातून रोज एक घर तिला जेवण पाठवते. इत्तो ते खाते. कशी आहेस विचारले की मात्र 'बरी आहे' म्हणते, आणि मी तिच्याऐवजी रक्तदाबाच्या यंत्राला विचारते.

९. सबब विनंती की:

अ) रुग्णवाहिका दि. २५ रोजीच परत पाठवावी व सील काढण्याचे अधिकार ठाण्यास द्यावेत. ही विनंती मान्य होऊन बाकीच्या फेटाळल्या गेल्या तरी माझी हरकत नाही.

ब) शेगडी, खाटा व सरपण निदान हिवाळा संपेपर्यंत हलवू नये. आईच्या घरात इत्तोखेरीज आणखी तीन जणी येणार आहेत, दोघींचे दिवस डिसेंबरात भरतात, एकीचे जानेवारीत.

क) मार्चचे सर्वेक्षण रद्द करून सोबतचे शेजाऱ्यांचे सर्वेक्षण ग्राह्य धरावे. ते ग्राह्य धरता येत नसेल तर कोणीतरी पुन्हा वर येऊन पाहावे. येताना आधी कळवू नये.

ड) मार्चच्या नोंदींबद्दल जी काही शिस्तभंगाची कारवाई करायची ती माझ्यावर करावी. गावाने माझ्या वहीसमोर सभ्यता पाळली, एवढाच त्यांचा गुन्हा आहे.

गाडीची वाट पाहणारी,
आपली नम्र व आज्ञाधारक,
तुदा अम्झील
ऐत उझरू, बुधवार दि. २४ नोव्हेंबर २०२१

सोबत: शेजाऱ्यांकडून भरलेल्या प्रश्नावल्या, त्रेसष्ट, इत्तो औहद्दू हिच्या तपासणीच्या नोंदीची प्रत, प्रमाणपत्र, चौकटीसह, परत.

पुरवणी
गुरुवार दि. २५ नोव्हेंबर, सकाळी सव्वासात

महोदय,

वरील अर्ज पाकिटात घातल्यानंतर जे घडले ते थोडक्यात लिहिते, वेळ नाही.

सकाळी सहा वाजता इत्तोचा रक्तदाब १६०/११० होता. साडेसहाला पुन्हा घेतला, तेवढाच. माझ्याकडे जे इंजेक्शन आहे ते दिले. डोके दुखते का, असे विचारले, तर म्हणाली, "नाही गं, बरी आहे," आणि बोलताना डोळे मिटून घेतले.

त्याच सुमारास चालक दद्दा इशू किल्ली घेऊन आले. ते याच खोऱ्यातले आहेत, वीस वर्षे सरकारी गाडी चालवतात आणि आजवर त्यांच्या गाडीवर ओरखडा आलेला नाही. मी त्यांना सील तोडायला सांगितले. ते म्हणाले, "लाल्ला तुदा, हे सील तुटलं तर माझी नोकरी गेली. कागदावर लिहिलंय, गाडी सीलसकट जमा करायची. तिला पुढे माझ्या शेजारी बसव, मी हळू नेतो." मी विचारले, की हिला वाटेत झटके आले तर पुढच्या सीटवर कोण काय करू शकणार आहे? तिला आडवे झोपवायला हवे, कुशीवर. ते म्हणाले, "मला कळतं गं. पण सील आहे ना." आम्ही दोघे अंगणात आवाज चढवून बोलत होतो. रक्या आणि यम्ना भिंतीशी उभ्या होत्या. नोकरी गेलेला माणूस घरी काय सांगेल हेही मला दिसत होते, म्हणून मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नव्हते.

एवढ्यात इत्तो भिंत धरून बाहेर आली. तिने कोणाकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "तुदा, मला बरं वाटत नाहीये. मला नीट दिसत नाही. मला भीती वाटतेय."

मी अकरा वर्षे या खोऱ्यात नोकरी करते आणि त्याआधी इथेच जन्मले. कोणा बाईच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेले नव्हते. माझ्या आईच्या तोंडून नाही, मरणाऱ्या बायकांच्या तोंडूनसुद्धा नाही. मग यम्नाने खांद्यावरची शाल काढून इत्तोच्या अंगावर घातली, आणि दद्दा इशू गाडीच्या मागे गेले.

सील मी तोडले आहे, अशी नोंद घ्यावी. चालकाने तोडलेले नाही. त्यांच्या चाकूचा उल्लेख कोणी केल्यास तो खोटा समजावा. तुटलेले सील या पाकिटात ठेवले आहे.

गाडी आता निघते आहे. ती आधी रुग्णालयात जाईल, मग आगारात. तिथे जमा व्हायला उशीर होईल, त्यालाही मीच जबाबदार आहे. प्रसूती विभागासाठी वेगळी चिठ्ठी यम्नाकडे दिली आहे, यम्ना इत्तोबरोबर गाडीत आहे. मला जाता येत नाही, कारण डिसेंबरातल्या दोघींपैकी एकीला पहाटेपासून कळा येत आहेत आणि इथे दुसरी सुईण नाही.

हा अर्ज आपल्या टेबलावर येईल तेव्हा इत्तोचे आणि बाळाचे काय झाले ते आपल्या इमारतीत कोणाला तरी ठाऊक झालेले असेल. मला ते ठाऊक नसेल. कृपया कोणाला तरी एक दूरध्वनी करायला सांगावे. ठाण्यात मोबाईलचा आवाज पोचत नाही, मागच्या टेकाडावर पोचतो. ही बाळंतीण मोकळी झाली की मी तिथे जाऊन उभी राहते.

तुदा अम्झील